वाचकांचे प्रश्न: घरी आहे म्हणजे मोकळी नाहीये!

घरून काम करणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवा असं मागच्या अंकात लिहिलं होतं आणि एवढी पत्रं आली की सगळी छापायची तर दुसरं काही छापताच येणार नाही. बरेच प्रश्न सारखे होते, त्यातले काही निवडलेत. नावं मुद्दाम देत नाहीये, कारण बहुतेकांनी घरच्यांबद्दल नाहीतर बॉसबद्दल लिहिलंय.

प्रश्न: ताई, मी अकाउंट्सचं काम घरून करते, नऊ ते सहा. नवरा ऑफिसला जातो, घरी सासू-सासरे आणि दोन मुलं, धाकटा तीन वर्षांचा. मी घरीच असते म्हणून बेल वाजली की मी उठायचं, कुरिअर मी घ्यायचं, सासऱ्यांना मोबाईलमध्ये काही अडलं की मलाच हाक. कोणी वाईट नाहीये हो, सगळे प्रेमाने वागतात, पण माझं काम कोणाला कामच वाटत नाही. मग राहिलेलं सगळं रात्री मुलं झोपल्यावर घेऊन बसते. खूप चिडचिड होते. काय करू?

उत्तर: अगं, आधी एक गोष्ट मनातून काढून टाक की तुझंच काहीतरी चुकतंय. तुझं चुकत नाहीये आणि घरचेही मुद्दाम करत नाहीयेत. ऑफिसला जाणारा माणूस चप्पल घालून बाहेर पडला की संध्याकाळपर्यंत तो नाही हे सगळ्यांना न सांगता कळतं, बेल वाजली म्हणून त्याला कोणी फोन करत नाही. तुझं ते बाहेर पडणंच होत नाही, त्यामुळे काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे घरात कोणाला दिसतच नाही. आलेल्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी मला हेच दिसलं, ऑफिसची इमारत जे आपोआप करून द्यायची ते घरी आपल्याला स्वतः उभं करावं लागतं, आणि त्यात पहिलं म्हणजे काम दिसेल असं करणं.

म्हणजे नक्की काय, तर बसायची जागा एक ठरव आणि रोज तीच. वेगळी खोली असेल तर उत्तमच, पण नसेल तरी चालतं, भिंतीकडे तोंड करून एक टेबल टाक म्हणजे मागून येणाऱ्याला तुझी पाठ दिसेल, समोर चेहरा दिसला की माणसं आपोआप बोलायला लागतात. मग एक कोरा कागद घे आणि जाड पेनने त्यावर आजच्या मीटिंगच्या वेळा लिही, आणि त्याखाली तू मोकळी कधी आहेस तेही लिही, समजा सव्वाअकरा ते साडेअकरा, एक ते दोन, आणि चारला पंधरा मिनिटं. हा कागद सगळ्यांना दिसेल तिथे लाव. मोकळ्या वेळा लिहिणं जास्त महत्त्वाचं आहे बरं का, कारण नुसतं "आत्ता नको" म्हटलं की समोरच्याला टाळल्यासारखं वाटतं आणि "बाबा, चार वाजता बसून नीट बघू" म्हटलं की त्यांना वाट बघता येते. फक्त मग चार वाजता खरंच उठायचं, तिथे चालढकल केली की दुसऱ्या दिवसापासून कागदाकडे कोणी बघणार नाही.

सासूबाईंशी बोलायच्या आधी नवऱ्याशी बोल. बेल आणि कुरिअर ही दिवसा तुझी जबाबदारी नाही हे घरात त्याने सांगायला हवं, तू सांगितलंस तर ती तक्रार होते आणि त्याने सांगितलं तर तो घराचा नियम होतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये पण आत्ता तुझी सुटका कशाने होईल ते सांगतेय. सासरे घरी असतात तर बेल त्यांच्याकडे द्या, मला वाटतं ते आनंदाने करतील.

आता तीन वर्षांचा मुलगा. इथे मी गोड बोलणार नाही. एवढ्या लहान मुलाला सांभाळणं हे स्वतःच पूर्ण वेळेचं काम आहे आणि दोन पूर्ण वेळेची कामं एकाच तासात एक बाई करू शकत नाही, कितीही हुशार असली तरी. कामाच्या तासांमध्ये त्याच्याकडे बघणारं दुसरं कोणीतरी ठरलेलं हवं, आजी-आजोबा, पाळणाघर, किंवा नवऱ्याने सकाळचे दोन तास उचलायचे. "मी घरीच आहे ना, बघेन" हे वाक्य तूही म्हणायचं बंद कर.

आणि उठावंच लागलं तर एक कर. बँकेच्या स्टेटमेंटशी एकेक एन्ट्री जुळवताना मध्येच उठलीस की परत आल्यावर कुठपर्यंत आलो होतो हे शोधण्यातच वेळ जातो, हो ना? सोफी लेरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ मध्ये हेच मांडलं, की अर्धवट सोडलेल्या कामात आपलं थोडं लक्ष मागे अडकून राहतं आणि पुढचं काम त्यामुळे कच्चं होतं, आणि नंतरच्या अभ्यासात तिला असंही दिसलं की उठण्याआधी पुढे काय करायचं ते पटकन लिहून ठेवलं तर हा त्रास कमी होतो. म्हणून शेजारी एक वही ठेव आणि उठताना लिही, "५ तारखेपर्यंत जुळलं, पुढे ३२०० चा फरक शोधायचाय". दहा सेकंद लागतात. परत बसलीस की थेट तिथून सुरू.

प्रश्न: मी एकटा राहतो, एकच खोली आहे, बेडवर बसूनच काम करतो. सकाळी डोळे उघडले की लॅपटॉप आणि रात्री झोपताना पण लॅपटॉप. सीनियर रात्री साडेदहाला पण मेसेज टाकतात, रिप्लाय नाही दिला तर काय म्हणतील अशी भीती वाटते. झोप नीट लागत नाही. ऑफिसला जायचो तेव्हा एवढं थकायचो नाही.

उत्तर: तेव्हा जाण्यायेण्याचा वेळ होता ना, त्याला आपण कितीही शिव्या घातल्या तरी तेवढ्या वेळात डोकं ऑफिसमधून घरी यायचं. आता तुझं डोकं कुठून कुठे जातच नाही. म्हणून काम सुरू करायच्या आधी वीस मिनिटं खाली जाऊन चालून ये आणि काम संपल्यावर परत, मोबाईल खिशात ठेवून. साधं वाटतं पण करून बघ.

बेडवरून काम आजपासून बंद. एका खोलीत पण एक खुर्ची आणि एक छोटं टेबल मावतं, आणि काम संपलं की लॅपटॉप चार्जरसकट बॅगेत घालून कपाटात. नुसती स्क्रीन खाली करून टेबलावर ठेवलास तर जेवताना एकदा, झोपताना एकदा उघडला जाणार हे नक्की. काम थांबवायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहून काढ, आणि झोपायच्या वेळी काही आठवलं तर तेही त्याच कागदावर. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये यावर एक प्रयोग झाला होता, झोपण्याआधी काही जणांना पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायला सांगितली आणि काहींना झालेली कामं, तर करायची कामं लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, आणि ज्यांनी जास्त बारीक तपशील लिहिले त्यांना आणखी लवकर. डोक्यात धरून ठेवलेलं कागदावर उतरलं की डोकं सोडून देतं.

आता सीनियरचं. तू मनातल्या मनात घाबरतोयस पण त्यांना विचारलंयस का कधी, की या मेसेजचं उत्तर लगेच हवं असतं का? पुष्कळ लोक रात्री आठवलं म्हणून टाकून ठेवतात, सकाळी विसरायला नको म्हणून, उत्तराची अपेक्षा नसते. म्हणून दिवसा, शांतपणे, एकदा बोल: "मी सात नंतर चॅट बघत नाही, काही अर्जंट असेल तर सरळ फोन करा, मी उचलेन." हे वाक्य फार कामाचं आहे. त्यात तू नाही म्हणत नाहीयेस, दार उघडं ठेवतोयस, फक्त ते दार ठोठवायला समोरच्याला नंबर डायल करावा लागतो आणि तेवढ्यासाठी बहुतेक कोणी फोन करत नाही. मग सात नंतर कामाच्या ॲपचे नोटिफिकेशन खरंच बंद कर. आणि तू स्वतः रात्री काही लिहिलंस तर लगेच पाठवू नकोस, सकाळी नऊची वेळ लावून ठेव, नाहीतर तुझ्या ज्युनियरला तीच भीती तू देशील.

हे तुझे लाड आहेत असं कोणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर कर्मचाऱ्याने संपर्कापासून मोकळं राहण्याबद्दल चर्चा करून नियम ठरवावे लागतात, आणि पोर्तुगालने २०२१ मध्ये याच्याही पुढे जाऊन, अगदी आणीबाणी सोडली तर मालकाने कामाच्या वेळेबाहेर माणसाला त्रास द्यायचाच नाही असा कायदा केला. सगळ्या देशांत असे कायदे नाहीयेत पण प्रश्न जगभरचा आहे. फक्त एक अपवाद, तुझा क्लायंट दुसऱ्या टाइम झोनमधला असेल आणि रात्रीचे कॉल कामाचाच भाग असतील तर सकाळी उशिरा सुरू करायची परवानगी लेखी घे. दोन्हीकडून तास द्यायचे नाहीत.

प्रश्न: मान आणि खांदे सतत आखडलेले असतात, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. महागडी खुर्ची घेऊ का?

उत्तर: लगेच नको. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले असतात हीच खरी अडचण आहे, हात बरोबर ठेवले तर मान खाली जाते आणि स्क्रीन वर केली तर खांदे वर जातात. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या, लॅपटॉपखाली जाड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल एवढी, आणि अंतर साधारण हात लांब केल्यावर पोचेल एवढं. कोपर काटकोनात, पाय जमिनीला टेकलेले, लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा खोका. कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी. एवढं करून चार आठवडे बघा, खुर्चीचं मग ठरवा.

डोळे चुरचुरतात कारण स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या खूप कमी मिटतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघा आणि तेव्हा मुद्दाम डोळे मिटा-उघडा. ज्या कॉलमध्ये फक्त ऐकायचं असतं तो उभ्याने किंवा फेऱ्या मारत घ्या. पण हाताला मुंग्या येत असतील, बधिर होत असेल किंवा दुखणं दंडापासून बोटांपर्यंत उतरत असेल तर पुस्तकं रचत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: स्पीड टेस्ट केली तर नेट भरपूर दाखवतं तरी मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटतो. का?

उत्तर: बहुतेक वेळा आपण डाउनलोडचा आकडा बघून खूश होतो, पण तुमचा आवाज आणि चेहरा दुसऱ्यांकडे जातो तो अपलोडने. तो आकडा बघा. व्हिडिओ कॉलला फार लागत नाही, तीन-चार एमबीपीएस (नेटचा वेग मोजायचं माप) अपलोड सलग मिळालं तरी पुरतं, पण सलग मिळायला हवं, मध्येच कोणीतरी मोठी फाइल चढवायला लावली किंवा मोबाईलने फोटोंचा बॅकअप सुरू केला की तुमचा आवाज तुटणारच.

दुसरं वायफाय. राउटरवर बहुतेक दोन नावं दिसतात, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. २.४ लांबपर्यंत आणि भिंतींतून जातं पण हळू असतं आणि शेजाऱ्यांच्या वायफायने, मायक्रोवेव्हने त्यात गोंधळ होतो, ५ वेगवान पण एक-दोन भिंतींनंतर दम सोडतं. राउटरच्या खोलीतच बसत असाल तर ५ घ्या. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टेबलापर्यंत सरळ लॅन केबल, दिसायला बरी नाही दिसत पण रोजची कटकट जाते. आणि महत्त्वाच्या मीटिंगच्या आधी मोबाईलचा हॉटस्पॉट एकदा जोडून ठेवा म्हणजे ऐनवेळी पासवर्ड शोधावा लागणार नाही.

प्रश्न: मी टीम लीड आहे. टीममधले सगळे घरून काम करतात. खरं सांगू का, मला कळतच नाही कोण काम करतंय आणि कोण नाही. वरून सांगितलंय की सगळ्यांचे कॅमेरे दिवसभर चालू ठेवा आणि स्क्रीन बघणारं सॉफ्टवेअर टाका. टाकू का?

उत्तर: नका टाकू. तुमची काळजी खोटी नाहीये, वर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, पण माऊस हलतोय की नाही हे बघून काम झालं की नाही ते कळत नाही, लोक माऊस हलवत ठेवायला शिकतात आणि ज्यांना शिकायचं नसतं ते चांगले लोक दुसरी नोकरी शोधतात.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने माणूस एवढा का थकतो त्याची चार कारणं मांडली होती. सतत खूप जवळून डोळ्यांत डोळे, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका चौकटीत बसून राहणं, आणि मान हलवून जे सहज कळायचं ते मुद्दाम मोठं करून दाखवावं लागणं. हे दिवसभर करायला लावलं तर दुपारनंतर तुम्हाला थकलेली माणसंच मिळतील. कॅमेरा जिथे खरंच गरज आहे तिथे ठेवा, पहिली ओळख, अवघड विषय, वन-टू-वन. तिथेही स्वतःचा चेहरा लपवायची सेटिंग सगळ्यांना दाखवून द्या.

घरी बसलेला माणूस टाइमपासच करतो हेही तितकं खरं नाही. निकोलस ब्लूम या अर्थतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला होता, काही जण आठवड्यातले चार दिवस घरून आणि बाकीचे ऑफिसातून. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, कमी ब्रेक, कमी आजारपणाच्या रजा आणि शांत जागा यामुळे. पण दोन गोष्टी लक्षात घ्या, त्या लोकांकडे घरी कामाची वेगळी जागा असावी लागायची, आणि कॉल सेंटरमध्ये कोणी किती कॉल घेतले हे मोजता येतं.

तुमच्याकडे नेमकं तेच नाहीये. काम झालं म्हणजे काय झालं हे तुमच्या टीममध्ये कुठे लिहिलंय का? सोमवारी प्रत्येकाने या आठवड्यात पूर्ण होणाऱ्या दोन किंवा तीन गोष्टी एका सगळ्यांना दिसणाऱ्या शीटवर लिहायच्या, आणि त्या अशा की शुक्रवारी "झालं" किंवा "नाही झालं" एवढंच उत्तर देता यावं. "रिपोर्टवर काम चालू" असं नको, "रिपोर्टचा पहिला ड्राफ्ट क्लायंटला गेला" असं. रोज सकाळी दोन ओळी चॅटवर, काल काय संपलं आणि कुठे अडलंय. अडलंय हा शब्द तुम्ही आधी स्वतःबद्दल वापरा, म्हणजे इतरांना लिहायला भीती वाटणार नाही. वरिष्ठांनाही हीच शीट दाखवा, त्यांना आकडा हवा असतो, तो मिळाला की कॅमेऱ्याचा हट्ट बऱ्याचदा सुटतो.

आणि घरून काम करणाऱ्याला प्रमोशन देताना मागे टाकू नका. त्याच सीट्रिपच्या प्रयोगात तेवढंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळत होती. जो समोर दिसतो तोच आठवतो, हे आपल्या सगळ्यांचंच होतं, म्हणून तुमच्यासारख्या लीडने ते जाणूनबुजून थांबवायला हवं.

प्रश्न: कॉलेज संपून पहिली नोकरी लागली आणि सुरुवातीपासूनच घरून. टीममधल्या कोणाला प्रत्यक्ष भेटलेले नाही. काही अडलं तर कोणाला विचारू कळत नाही, सगळे बिझी दिसतात, मग मी तासन् तास एकटीच गूगल करत बसते. दिवसभर कोणाशी एक शब्द बोलले नाही असेही दिवस जातात. मला हे काम जमत नाहीये की घरून काम जमत नाहीये हेच कळत नाही.

उत्तर: अगं बाळा, तुला काम जमत नाहीये असं ठरवायची घाई नको करूस. शेजारच्या टेबलावर कोणी असतं तर तू खुर्ची फिरवून विचारलं असतंस आणि दोन मिनिटांत प्रश्न संपला असता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकातच मोजून दाखवलं होतं की इंजिनियरांची टेबलं जितकी लांब तितकं त्यांचं एकमेकांशी बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि ते तर एकाच इमारतीत होते. तू तर पूर्ण बाहेर आहेस. आणि एकटेपणा काही तुझा एकटीचा नाही, वर सांगितलेल्या सीट्रिपच्या प्रयोगात नऊ महिन्यांनी निवड करायला सांगितल्यावर घरून करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसला परत गेले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठं कारण होतं.

पहिली गोष्ट, अडलं की अर्धा तास स्वतः प्रयत्न करायचा, त्यानंतर विचारायचंच. विचारताना "सर बिझी आहात का?" असा मेसेज टाकून वाट बघत बसू नकोस, त्याला उत्तर काय द्यायचं हे समोरच्यालाही कळत नाही. सगळं एकाच मेसेजमध्ये लिही: मला काय करायचंय, मी काय काय करून बघितलं, नेमकी कुठे एरर येतेय, आणि माझा अंदाज काय आहे. असा मेसेज माणूस दोन मीटिंगच्या मधल्या मिनिटातही वाचून उत्तर देऊ शकतो. आणि शक्यतो टीमच्या ग्रुपवर विचार, एकट्या माणसाला नको, म्हणजे जो मोकळा असेल तो सांगेल, आणि तुझ्यासारखाच गप्प बसलेला दुसरा कोणी असेल तर त्याचंही काम होईल.

दुसरं, लीडला सरळ सांग की मला एक बडी, म्हणजे अडलं की विचारायला एक ठरलेला सहकारी, नेमून द्या, रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं, निदान पहिले तीन महिने. हे मागणं अजिबात जास्त नाही. त्या पंधरा मिनिटांसाठी दिवसभरातले छोटे प्रश्न वहीत जमा करत जा. कोणाच्या तरी सोबत कॉल चालू ठेवून दोघांनी आपापलं काम करत बसणं हाही प्रकार बरेच जण करतात, दोघेही म्यूटवर, अडलं की बोलायचं, त्याने एकटेपणा पुष्कळ कमी होतो.

तिसरं, ऑफिस असेल आणि जाता येत असेल तर आठवड्यातले एक-दोन दिवस जायला माग. पण नुसतं जाऊन उपयोग नाही, तुझी टीम ज्या दिवशी येते तोच दिवस घे. ब्लूम यांच्या गटाचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा मोठा अभ्यास आहे, १६१२ कर्मचाऱ्यांवर, त्यात दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिस असं केल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत काही फरक पडला नाही. म्हणजे थोडं घर थोडं ऑफिस हे कंपनीलाही परवडतं, मागायला संकोच नको.

आणि कामाबाहेरचं बोलणं, ते या ऑफिसकडून मिळेपर्यंत थांबू नकोस. संध्याकाळी घराबाहेर पडायला लागेल असं काहीतरी ठरवून टाक, क्लास, खेळ, लायब्ररी, काहीही, फक्त ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी. तीन महिने हे सगळं करून बघ आणि तरीही रोज सकाळी लॅपटॉप उघडायची भीती वाटत असेल तर मला परत लिही, तेव्हा ही नोकरी ठेवायची की नाही यावर आपण बोलू. पण त्याआधी उद्या सकाळी तो अडलेला प्रश्न ग्रुपवर टाक.